प्रवासी ट्रायपॉड घेताना दुकानातच करायची तपासणी

खोक्यावर लिहिलेली कमाल उंची मधला दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते, आणि तो दांडा वर गेला की हलका ट्रायपॉड थरथरतो. म्हणून आकडे वाचत बसू नका, कॅमेरा सोबत घेऊन दुकानात जा.

१. घरून निघण्यापूर्वी सॅकची आतली उंची टेपने मोजा. पाय उलटे दुमडणारे बरेच ट्रायपॉड ४० सेंमीच्या आसपास मिटतात. तेवढे सॅकमध्ये आडवेतिडवे न करता बसतात.

२. दुकानात सगळे पाय उघडा, मधला दांडा खालीच ठेवा. कॅमेरा हनुवटीपर्यंत आला तरी पुरे, स्क्रीन तिरकी करून बघता येते.

३. आता तुमची सगळ्यात जड लेन्स लावा, झूम पूर्ण ओढा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, चित्र मोठं करा आणि एका पायाला टिचकी मारा. चित्र पटकन स्थिर झालं तर घ्या. हलतच राहिलं तर पुढचा दाखवा म्हणा, दुकानदार कितीही कार्बन फायबरचं कौतुक करो.

४. बॉल हेड, म्हणजे कॅमेरा बसतो तो वरचा गोल सांधा, आवळून कॅमेरा तिरका ठेवा. हळूहळू खाली झुकला तर हेड कच्चं आहे.

प्रत्येक पायाचे एकात एक सरकणारे भाग चारपेक्षा जास्त असतील तर शेवटचा भाग फारच बारीक होतो, माझी पसंती चारालाच.

अजिंठा, वेरूळसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते, ती काढूनच जा.