खोबरेल थिजलं की आमच्या वर्गात थंडी येते

दादरच्या एका प्लेग्रुपमध्ये मी नोकरीला लागले, त्याच डिसेंबरात मला ‘विंटर थीम’ सांभाळायला दिली. दोन रात्री जागून मी कापसाचा बर्फ पसरला, पुठ्ठ्याचा स्नोमॅन उभा केला. मुलं दीड ते तीन वर्षांची. पाच मिनिटांत अर्धा कापूस त्यांच्या तोंडात होता आणि मी एकेकाच्या जिभेवरून तो काढत बसले होते. बर्फ कुणीच पाहिलेला नव्हता. त्यांच्यासाठी तो कापूसच होता, आणि नवीन वस्तू या वयात आधी तोंडातच जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गातल्या मावशी खोबरेलाची बाटली घेऊन आल्या. “ताई, बघा ना, आज थिजलंय.” बाटली उलटी केली तरी तेल हललं नाही. मुलं भोवती गोळा झाली आणि माझा खरा हिवाळा तिथून सुरू झाला.

खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, आणि मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा त्याखाली उतरतोच. मी प्रत्येकाच्या ताटलीत चमचाभर घट्ट तेल देते. बोटानं दाबायचं, तळहातावर घ्यायचं, मूठ मिटायची. मूठ उघडली की तेल पातळ झालेलं असतं. दोन वर्षांच्या मुलाला यात काहीही समजावून सांगावं लागत नाही. आपण फक्त शब्द पुरवायचे. थंड, घट्ट, ऊन, पातळ, गुळगुळीत. मग तेच तेल एकमेकांच्या हातांना चोळायचं, कारण या दिवसांत हवा कोरडी असते आणि हातपाय फुटतात. खाली जुनी चादर अंथरा. लादीवर तेल सांडलं तर मुलं हमखास घसरतात.

शिकवायला नव्यानं येणाऱ्या मुली मला विचारतात, या वयाच्या अ‍ॅक्टिव्हिटी शोधायच्या कुठे? मी त्यांना मंडईत पाठवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं न आणता त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे वापरले. आपल्याला तर दादर स्टेशनबाहेरच मटार, गाजरं, बोरं, ओला हरभरा मिळतो.

मटार सोलण्याइतकं चिमटीचं चांगलं काम मला दुसरं सापडलेलं नाही. शेंगेचं टोक मोडून द्या, पुढे अंगठा घालून ती उघडणं मुलांचं काम. पण एका वेळी चारच मुलं बसवा आणि प्रत्येकाला मोजून दोन शेंगा द्या. मटार नाकात जातो, कानात जातो, आणि कच्चा अख्खा दाणा घशातही अडकू शकतो. म्हणून एक मोठं माणूस तिथून उठायचं नाही, फोनसाठीसुद्धा. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका. डब्यात आली तरी बाजूला काढून ठेवा.

सावलीचा खेळ फुकटात होतो. मेच्या मध्यावर मुंबईत भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सकाळी साडेनऊला सावली मुलाच्या जवळजवळ दुप्पट लांब पडते. मुलं तिच्यावर पाय द्यायला धावतात. त्याच उन्हात एक काळा आणि एक पांढरा रुमाल अर्धा तास वाळत घाला आणि मग दोन्ही त्यांच्या गालांना लावा. संक्रांतीला काळं का घालतात, ते गालालाच कळतं. बाहेर जाण्याआधी मात्र ‘समीर’ अ‍ॅपवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक बघते. हिवाळ्यात धूर आणि धूळ खालीच साचून राहते. आकडा वाईट असेल त्या दिवशी पळापळ बंद, खिडकीतल्या उन्हावर भागवायचं.

स्वेटर काढणं हीसुद्धा अ‍ॅक्टिव्हिटीच आहे. सकाळी कानटोपीसकट आलेलं मूल अकरापर्यंत घामाघूम होतं. बटण, चेन, खुंटी, हे सगळं त्याला स्वतः करू द्या. दहा मिनिटं लागतात, लागू देत.

बोरन्हाणाबद्दल माझं मत ठाम आहे. वर्गात करायचं तर डोक्यावरून फक्त चुरमुरे. बोरांच्या बिया, हरभरे, गोळ्या, उसाचे करवे घरच्या समारंभात आईच्या डोळ्यांसमोर असू देत. हलव्याचा हार फोटो झाला की लगेच उतरवा. दोरा तुटला तर दाणे सरळ तोंडात जातात. तिळाची अ‍ॅलर्जी आहे का, हे पालकांकडून आधीच लिहून घ्या. आणि एखादं मूल रडत असेल तर त्याला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसा, फोटोसाठी पाटावर ओढून बसवू नका. याच महिन्यांत गॅदरिंगच्या नाचाची तालीमही सुरू होते. दोन वर्षांच्या मुलांना ओळीत उभं करण्यात सकाळ घालवायला मी आता नकार देते.

प्लेग्रुपच्या नोकरीसाठी मुलाखतीला शिकवून दाखवण्याचा डेमो देणार असाल तर फलकापाशी उभ्या राहू नका, खाली सतरंजीवर बसा. गाणं एकच घ्या, पण चार वेळा म्हणा.

आणि एक छोटी वही ठेवा, तारखा घालून. माझ्या वहीत गेल्या डिसेंबरात एका मुलाबद्दल लिहिलंय: शेंग फेकली. चार दिवसांनी: शेंग हातात धरून बसला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात: अंगठा घातला, उघडली, “आहे!” म्हणाला. त्याच्या आईला ते पान दाखवलं, तेव्हा तिनं घरी न्यायला दोन शेंगा मागून घेतल्या.