किल्ली हातात देण्याआधी: पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी

2016 साली पुण्यात धायरीतला आमचा फ्लॅट पहिल्यांदा भाड्याने दिला, तेव्हा आम्ही शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार टाइप करून घेतला, नोटरीचा शिक्का मारून आणला आणि निश्चिंत झालो. माणूस चांगला वाटला होता. सात महिने भाडं पाच तारखेच्या आत आलं, आठव्या महिन्यात थांबलं. तीन महिने वाट पाहून वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि एकच विचारलं, "ताई, नोंदणी कुठंय याची?"

नोंदणी नव्हती. शेवटी तीन महिन्यांचं भाडं सोडून, हातापाया पडून घर रिकामं करून घेतलं. त्यानंतर पाच भाडेकरू येऊन गेले, एकाशीही वाजलं नाही. फरक माणसांत नव्हता, आमच्या तयारीत होता. घरमालकाचं बहुतेक काम किल्ली देण्याआधीच्या पंधरा दिवसांत उरकायचं असतं. ते नीट झालं तर पुढचं वर्ष शांतपणे जातं.

घर घ्यायचंच असेल, तर आधी कागदावर हिशेब

वडिलोपार्जित किंवा आधीच घेतलेलं घर असेल तर हा भाग सोडून पुढे जा. पण भाड्यासाठी म्हणून नवा फ्लॅट घेत असाल, तर "भाड्यातून हप्ता फिटेल" हे वाक्य मनातून काढून टाका.

पुण्यात 60 लाखांचा फ्लॅट धरू. मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 4,20,000, नोंदणी फी 30,000. घर तुम्हाला 64,50,000 ला पडलं. (घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तिचा विचार जरूर करा.) भाडं 18,000 मिळालं तर वर्षाचे 2,16,000. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना 2,500 प्रमाणे 30,000, मिळकतकर 12,000, भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला एक महिना 18,000, एजंटचं एका महिन्याचं कमिशन 18,000 आणि रंग, नळ, किरकोळ डागडुजीचे 15,000 वजा करा. हातात राहिले 1,23,000. घातलेल्या पैशांवर हे दोन टक्केसुद्धा होत नाहीत. उलट 45 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता महिना 39,000 च्या घरात जातो. म्हणजे दर महिन्याला वीस हजारांच्या वर पदरचे घालायचे. जागेची किंमत वाढेल या भरवशावर हे करायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आकडे आधी पाहा, बिल्डरच्या ऑफिसातून आल्यावर नको.

पुणेकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. महापालिका मिळकतकरात जी 40 टक्के सवलत देते ती मालक स्वतः राहत असेल तरच. घर भाड्याने दिलं की कर वाढतो.

घर भाडेकरूच्या नजरेने पाहा

जाहिरात टाकायच्या आधी एक रात्र त्या घरात झोपून पाहा. मी अतिशयोक्ती करत नाही. पहाटे पाणी किती वाजता येतं, दाब किती, लिफ्टचा आवाज बेडरूममध्ये येतो का, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

मग बाथरूम. भाड्याच्या घरातली निम्मी भांडणं पाण्यावरून होतात आणि त्यातली बरीचशी खालच्या मजल्यावर सुरू होतात. आमच्या पहिल्या भाडेकरूच्या वेळी खालच्या काकूंच्या छताला ओल आली आणि तीन घरांत मिळून महिनाभर वाद चालला. तेव्हापासून मी नवा भाडेकरू येण्याआधी एक गोष्ट न चुकता करते. नहाणीच्या जाळीवर जाड फडकं आणि प्लॅस्टिकची पिशवी दाबून बसवायची, उंबऱ्याच्या आत दोन बोटं पाणी साठवायचं आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन काकूंच्या छतावर हात फिरवायचा. कोरडं असेल तर ठीक. ओलसर लागलं तर फरशीचे सांधे भरून घ्यायचे, आणि त्यानेही थांबलं नाही तर वॉटरप्रूफिंग. हा खर्च भाडेकरू राहायला आल्यावर दुप्पट होतो, कारण तेव्हा त्याची अंघोळीची सोयही तुम्हालाच बघावी लागते.

गीझरचा प्लग काढून पाहा. पिना काळवंडल्या असतील तर सॉकेट बदला. मेन बोर्डवरच्या ईएलसीबीचं, म्हणजे विजेची गळती झाल्यावर वीज बंद करणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबल्यावर खटका पडला पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलावल्याशिवाय किल्ली देऊ नका. हे पैशांचं काम नाही, कोणाच्या तरी जिवाचं आहे.

भाडं ठरवणं

यात फार गुंतू नका. आपल्याच सोसायटीत गेल्या सहा महिन्यांत काय भाड्याने घरं गेली ते वॉचमनला आणि सेक्रेटरींना विचारा, जाहिरातीतले आकडे पाहू नका. हजार रुपये जास्त मिळावेत म्हणून घर दोन महिने रिकामं ठेवणं सरळसरळ तोट्याचं आहे. डिपॉझिट पुण्यात बहुतेक दोन ते तीन महिन्यांचं चालतं.

भाडेकरू निवडताना काय विचारावं

नोकरी कुठे, किती जण राहणार, आधीचं घर का सोडलं, गाडी आहे का. आधीच्या मालकांना फोन करायची परवानगी मागा आणि खरंच फोन करा. पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात जे कळतं ते पगाराच्या स्लिपमधून कळत नाही.

जात, धर्म, आडनाव आणि ताटात काय असतं, हे विचारू नका. "फक्त शाकाहारी कुटुंबालाच" अशा पाट्या मला मनापासून सलतात. आमच्याकडे तीन वर्षं राहिलेल्या बीडच्या दोन मुली एमपीएससीची तयारी करत होत्या. आधी अकरा घरांनी त्यांना बॅचलर म्हणून नकार दिला होता. त्यांनी ठेवलं तितकं लख्ख स्वयंपाकघर त्याआधी मी त्या फ्लॅटमध्ये पाहिलं नव्हतं.

करार: इथे घाई नको

आपल्याकडे घर देताना बहुतेक लोक लिव्ह अँड लायसन्स करार करतात. यात भाडेकरूला राहायची परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तो खोटा ठरेपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आमच्या नोटरीच्या कागदाला काडीची किंमत नव्हती ती यामुळे.

अकरा महिन्यांचाच करार का करतात? एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या जुन्या केंद्रीय नियमातून ती सवय पडली. महाराष्ट्रात तिचा उपयोग उरलेला नाही, कारण इथे अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच. भाडेकरू चांगला वाटत असेल तर सरळ 24 किंवा 36 महिन्यांचा करार करा, दर वर्षी किती टक्के वाढ ते त्यातच लिहा. लिव्ह अँड लायसन्स 60 महिन्यांपर्यंत करता येतो.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के असतं. ते मुदतीतलं एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. महिना 20,000 भाडं, 60,000 डिपॉझिट आणि 11 महिने असतील, तर 2,20,000 अधिक 5,500, म्हणजे 2,25,500 वर साधारण 564 रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो, दोन साक्षीदार लागतात. एजंट घरी मशीन घेऊन येतो, त्याचे पैसे वेगळे.

मसुदा एजंटच्या कॉम्प्युटरमधून तयार येतो, तो शब्दन् शब्द वाचा. नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (करार मध्येच मोडता न येण्याचा काळ) किती महिन्यांचं, मेंटेनन्स कोणी भरायचा, रंगाचे पैसे कापणार का आणि किती, किरकोळ दुरुस्ती किती रुपयांपर्यंत भाडेकरूची, डिपॉझिट कोणत्या दिवशी परत. या सहा गोष्टी स्पष्ट आकड्यांत हव्यात. "परस्पर संमतीने" असं मोघम कुठेही ठेवू नका.

पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या ते होतं. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर वेगळा फॉर्म आहे आणि तो 24 तासांत भरायचा असतो.

सोसायटीची परवानगी लागत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा 2001 चा आदेश आहे. बिलात "भाडेकरू चार्ज" म्हणून हजार-दोन हजार दिसले, तर सेक्रेटरींना हा आदेश नम्रपणे दाखवा.

किल्ली देण्याचा दिवस

भाडेकरूला सामान आणायच्या आधी रिकाम्या घरात बोलवा. दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढायचा: भिंती, कपाटाची आतली बाजू, ओट्याच्या कडा, आधीच तडा गेलेली फरशी. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो. पंखे, दिवे, किल्ल्या मोजून यादी, तिच्यावर दोघांच्या सह्या. मग तो व्हिडिओ तिथल्या तिथे दोघांच्याही फोनवर. त्याचा फायदा जितका तुम्हाला तितकाच त्यालाही.

राहायला आल्यानंतर

भाडं बँकेतूनच घ्या. भाडेकरूला घरभाडे भत्त्याची सवलत हवी असेल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर तो तुमचा पॅन मागेल. तो द्यावा, आणि मिळणारं भाडं विवरणपत्रात दाखवावं. भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. भाडं महिना 50,000 च्या वर असेल तर भाडेकरूने 2 टक्के कर कापायचा असतो. मालक परदेशी स्थायिक असेल, तर भाडं कितीही असो, भाडेकरूने साधारण 31.2 टक्के कापून भरणं अपेक्षित आहे. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहून इथला फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनी हे भाडेकरूला आधीच सांगावं.

न सांगता घरात जाऊ नका. घर तुमचं असलं तरी आता ते त्यांचं राहतं घर आहे.

भाडं थकलं तर चिडून पाणी किंवा वीज तोडायची नाही, तो गुन्हा आहे. पहिल्या आठवड्यात फोन, पंधराव्या दिवशी लेखी नोटीस. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर नोंदणीकृत करार घेऊन त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

घर सोडताना

बीडच्या त्या मुलींपैकी मोठी फौजदार झाली आणि त्यांनी घर सोडलं. निघायच्या दिवशी आम्ही तिघी रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर बसून तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहत होतो. "काकू, हा खिळा आमचा," धाकटी भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली. एक खिळा आणि एक तुटलेला टॉवेल रॉड, एवढंच निघालं. वीजबिल अजून यायचं होतं, म्हणून मीटरचा फोटो काढून युनिटचा हिशेब केला आणि 900 रुपये मागे ठेवले. बाकी डिपॉझिट तिथेच बसून फोनवरून पाठवलं. पैसे आल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर वाजला, मग मी किल्ल्या घेतल्या.