कुमारांच्या तबकड्या आणि बेळगावचा पाऊस

गायक कुमार गंधर्व आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म 8 एप्रिल 1924 चा. शहापुरातल्या आमच्या घरी त्यांच्या वस्तू देवघरासारख्या जपल्या जातात. नव्याने जमवणार असाल तर 2014 साली निघालेल्या त्यांच्या टपाल तिकिटापासून सुरुवात करा. तिकीट चिमट्यानेच उचला, डिंक अजिबात लावू नका.

खरी काळजी ग्रामोफोनच्या तबकड्यांची. जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे मला ठाऊक नव्हतं. वडिलांची एक तबकडी मी स्पिरिटने पुसली, कापूस काळा झाला आणि तिची चकाकी गेली ती गेलीच. अजून हळहळ वाटते. तेव्हा आधी मऊ कोरडा ब्रश, तोही खाचांच्या दिशेने गोल फिरवत. अगदीच मळ असेल तर किंचित ओलसर कापड, पण मधल्या कागदाला पाणी लागता कामा नये. घेताना तबकडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघा, केसाएवढी चीरही दिसते.

एलपी, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या मोठ्या तबकड्या, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या तर वाकतात. आमच्याकडे जूनपासून भिंतींना ओल येते, म्हणून कपाट चार बोटं पुढे ओढायचं आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या.

जुन्या कार्यक्रमपत्रिका मिळाल्या तर लॅमिनेशन करू नका हो! कुणाकडून, कधी मिळाली ते मागे पेन्सिलीने बारीक लिहा.