सीएमएलच्या पेशंटनो, या चुका टाळा

सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. आहे रक्ताचा कॅन्सरच, पण 2001 साली इमॅटिनिब नावाची गोळी आली आणि बहुतेकांसाठी हा आजार बीपी-शुगरसारखा रोजच्या गोळीचा होऊन बसला. मी तेरा वर्षं ती गोळी घेतोय. ओपीडीच्या बाकावर दर खेपेला नवी मंडळी भेटतात आणि चुका मात्र त्याच जुन्या. त्यातली सगळ्यात मोठी मीही करून बसलोय, म्हणून आधी तीच सांगतो.

“सीबीसी नॉर्मल आलाय, आता काय!”

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. निदान झालं तेव्हा माझ्या पांढऱ्या पेशी 1 लाख 80 हजार होत्या. गोळी सुरू केली आणि दोन महिन्यांत काउंट जागेवर. घरी पेढे वाटले. पण या आजारात 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे आपसांत बदलतात, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं जनुक तयार होतं, आणि ते पेशींना “वाढा, वाढा” असा हुकूम सोडत राहतं. गोळी त्या हुकमाचं तोंड दाबते. तो हुकूम अजून किती शिल्लक आहे, हे सीबीसीला दिसत नाही. त्यासाठी बीसीआर-एबीएलची पीसीआर, म्हणजे ते जनुक रक्तात किती उरलंय हे मोजणारी तपासणी लागते, सुरुवातीला दर तीन महिन्यांनी. तो आकडा 0.1 टक्का किंवा त्याखाली हवा.

चौथ्या वर्षी माझा आकडा 0.03 होता. मे महिन्यात भाचीचं लग्न. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, सकाळी डोळ्यांखाली सूज. म्हटलं, आठ दिवस गोळी बंद, फोटो तरी बरे येतील. बंद केली, आणि काहीच झालं नाही. इथेच माणूस फसतो. काहीच झालं नाही म्हणून पुढे एक दिवसाआड घ्यायला लागलो. डॉक्टरांनी विचारलं की “हो, रोज घेतो.” पीसीआरला काही हजार जातात म्हणून ती पुढे ढकलली. दर महिन्याचा सीबीसी मात्र अगदी देखणा.

दिवाळीनंतर पीसीआर केली, तर 4 टक्के. डॉक्टरांनी म्युटेशनची टेस्ट लिहून दिली, कारण कधीकधी पेशी अशा बदलतात की औषध त्यांच्यावर बसतच नाही आणि गोळीच बदलावी लागते. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “रिकामी पाकिटं घेऊन या.” नशीब म्हणून म्युटेशन निघालं नाही. गोळी रोज सुरू झाली, पण 0.1 च्या खाली यायला चौदा महिने लागले. पोटऱ्यांचं आधीच सांगितलं असतं तर त्यांनी कॅल्शियम-मॅग्नेशियम तपासून तेव्हाच काही केलं असतं. आणि लग्नाच्या अल्बममध्ये माझा चेहरा सुजलेला तो सुजलेलाच आहे.

तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर पेलाभर पाणी, गोळी, आणि लगेच कालनिर्णयवर टिक. मोबाइलचा अलार्म मी लावत नाही. तो बंद करून माणूस झोपतो. घरात दहा दिवसांच्या गोळ्या नेहमी शिलकीत.

“गोळी सुटते म्हणे”

हो, काहींची सुटते. पण त्याआधी वर्षानुवर्षं पीसीआर अगदी तळाला असावी लागते, निर्णय डॉक्टरांचा असतो आणि सुरुवातीला महिन्या-महिन्याला तपासणी असते. एवढं करूनही जवळपास निम्म्यांचा आजार परत डोकं वर काढतो, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. लक्ष असेल तर गोळी पुन्हा सुरू करून आवरतो. सहा महिने गोळी खाल्लेला माणूस मला “कधी सुटणार?” विचारतो, तेव्हा मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

बाकीच्या

लॅब सारखी बदलू नका. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून रात्र जागवणारे लोक मी पाहिलेत.

देशी गोळी स्वस्त म्हणून कच्ची, असं नाही. 2013 साली सुप्रीम कोर्टाने इमॅटिनिबच्या मूळ कंपनीचा, नोव्हार्टिसचा, पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून तर ती आपल्याला परवडते. मी पहिल्यापासून तीच घेतोय.

काल चुकली म्हणून आज दोन घेऊ नका.

मूल हवं असेल तर बायकांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. गोळी चालू असताना गर्भ राहू देऊ नये, आणि गोळी आपल्या मनानेही सोडू नये.

सीएमएलच्या दुसऱ्याही गोळ्या आहेत. इमॅटिनिब जेवणानंतर, पण निलोटिनिब उपाशीपोटी. गोळी बदलली की सवयही बदला. डासाटिनिबवर असाल तर सकाळची ती ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ॲसिड कमी झालं की डासाटिनिब अंगी नीट लागत नाही.

टीबी निघाला तर टीबीच्या डॉक्टरांना ही गोळी दाखवा. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे रक्तातलं इमॅटिनिब कमी होतं. मामेभावाने आणलेल्या काढ्यात काय आहे हे त्यालाही माहीत नसतं, तेव्हा तो त्यालाच पाजा.

ग्रेपफ्रूटने उलटं होतं, औषध रक्तात वाढतं. ते आपल्याकडे कोण खातंय म्हणा, पण पपनस त्याच घराण्यातलं. गणपतीत कोकणातून यायचं, मीठ-तिखट लावून खायचो. आता शेजाऱ्यांना देतो.