ऑल-स्टार ब्रेकमधलं एक पान: बेसबॉल संघाचा अर्ध्या हंगामाचा हिशेब कसा मांडायचा

जुलैच्या मध्यावर मेजर लीग बेसबॉलला तीन-चार दिवसांची सुट्टी लागते. निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना तेवढा होतो, बाकी मैदानं रिकामी. मार्चअखेरपासून जवळपास रोज सामना बघायची सवय लागलेली, त्यामुळे त्या संध्याकाळी घर सुनं सुनं वाटतं. आमच्याकडे, व्हर्जिनियातल्या रेस्टनला, या सुट्टीत एक काम ठरलेलं आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी आणि लेक जाड वही उघडून बसतो आणि वॉशिंग्टन नॅशनल्सच्या अर्ध्या हंगामाचा हिशेब एका पानावर मांडतो.

ही सवय अण्णांची. इचलकरंजीला रेडिओवर कॉमेंट्री लागली की अण्णा कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने धावा मांडत बसायचे. भारत हरला की आम्ही भावंडं तोंड पाडून बसायचो. अण्णा तेच पान पुढे ओढून दाखवायचे, बघा, या चार षटकांत गेला सामना. इथे आल्यावर बेसबॉल कळायला मला दोन वर्षं लागली. पेन्सिल हातात घेतल्यावर मात्र पटापट कळत गेलं. म्हणून सांगते, ॲपवर सगळे आकडे तयार मिळत असले तरी पहिल्या वर्षी हे पान हातानेच करा.

उदाहरण २०१९च्या नॅशनल्सचं घेते, कारण आमच्या वहीतलं पहिलं पान त्याच हंगामाचं आहे.

पानाच्या डोक्यावर आधी जय-पराजय लिहा. ब्रेकला नॅशनल्स ४७-४२ होते, म्हणजे ४७ विजय, ४२ पराभव. (हंगाम १६२ सामन्यांचा, त्यामुळे खरा मध्य ८१ सामन्यांवर येतो. ब्रेक त्याच्या थोडा पुढे, नव्वदीच्या आसपास पडतो.) नुसतं ४७-४२ बघितलं तर संघ बरा आहे, एवढंच कळतं. म्हणून लगेच त्याचे तुकडे करा. २३ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये मेट्सकडून लागोपाठ चौथा सामना हरल्यावर नॅशनल्स १९-३१ होते. ४७ मधून १९ आणि ४२ मधून ३१ वजा केले की उरतात २८-११. पहिल्या ५० सामन्यांत धडपडलेला आणि पुढच्या ३९ मध्ये लीगमधल्या कुठल्याही संघाला भारी पडलेला, असे दोन वेगळे संघ त्या एका आकड्यात दडलेले होते.

पण तुकडा कुठे पाडायचा याला शिस्त हवी. आपल्याला आवडतो तो संघ असला की हात आपोआप सोयीच्या तारखेवर जातो. मी दोनच पद्धती मानते. एक तर सरळ पंचवीस-पंचवीस सामन्यांचे गट करायचे, नाहीतर जिथे काही घडलंय तिथे रेघ ओढायची. त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीलाच बंट करायला (बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवायला) जाताना चेंडू लागून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ट्रे टर्नरच्या उजव्या हाताची तर्जनी मोडली. तो परतला मेच्या मध्यावर. मधल्या काळात अँथनी रेंडोन आणि हुआन सोटो हे बिनीचे फलंदाजही काही दिवस बाहेर होते. त्यामुळे मेमध्ये ओढलेली रेघ सोयीची म्हणून ओढलेली नाही, तिच्यामागे कारण आहे, आणि ते कारण मी रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवते.

त्याखाली पिछाडी. गुणतक्त्यात ‘जीबी’ नावाचा रकाना असतो, पहिल्या संघापासून तुम्ही किती सामने मागे आहात ते तो सांगतो. काढायची रीत सोपी: दोन्ही संघांच्या विजयातला फरक आणि पराभवातला फरक यांची बेरीज करा आणि निम्मी करा. ब्रेकला पहिल्या क्रमांकावरचे अटलांटा ब्रेव्ह्ज ५४-३७ होते. ५४ वजा ४७ म्हणजे ७, ४२ वजा ३७ म्हणजे ५, बेरीज १२, निम्मे ६. सहा सामने मागे. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती, तिने हे गणित तीनदा करून बघितलं आणि म्हणाली, “आई, मग सहा जिंकले की झालं ना?” नाही गं, तेवढ्यात ते लोकही खेळतातच की. समोरासमोर जिंकलेला सामना मात्र एकदम एक पूर्ण अंक कापतो, कारण तुमचा विजय वाढतो आणि त्यांचा पराभवही. म्हणून ब्रेकनंतर पहिल्या क्रमांकाच्या संघाशी किती सामने उरलेत ते मोजून पिछाडीशेजारी लिहा. वाइल्ड कार्डचा (गटात पहिला न येताही बाद फेरीत नेणाऱ्या जागेचा) रकानाही तसाच भरा. २०१९ला प्रत्येक लीगमध्ये दोन वाइल्ड कार्ड होती, २०२२पासून तीन आहेत, त्यामुळे आता हा रकाना पूर्वीपेक्षा जास्त संघांच्या कामाचा.

आता पानाचा मुख्य भाग. माझ्या मते ब्रेकला एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर ती हीच: संघाने केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा. क्रिकेटच्या स्पर्धेत नेट रनरेट बघणाऱ्याला हे समजवायला नको. फरक इतकाच, की तिथे तो बरोबरी सुटावी म्हणून बघतात आणि इथे पुढचा अंदाज बांधायला. बिल जेम्स नावाच्या आकडेपंडिताने यासाठी सूत्र दिलंय. केलेल्या धावांचा वर्ग घ्या. दिलेल्या धावांचा वर्ग घ्या. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा. येतो तो विजयाचा अपेक्षित वाटा. समजा ८९ सामन्यांत संघाने ४५० धावा केल्या आणि ४०० दिल्या. ४५०चा वर्ग २,०२,५००, ४००चा १,६०,०००. भागाकार साधारण ०.५५९, त्याला ८९ने गुणलं की जवळजवळ ५० विजय. संघाचे प्रत्यक्षात ४४च विजय असतील तर समजायचं की तो दिसतो त्यापेक्षा बरा आहे, काही सामने थोडक्यात निसटलेत.

वर्ग काढायचा कंटाळा असेल तर आणखी सोपा ठोकताळा आहे. दर दहा धावांच्या फरकामागे निम्म्यापेक्षा एक विजय जास्त धरा. वरच्या उदाहरणात फरक ५० धावांचा, म्हणजे पाच विजय. ८९चे निम्मे साडेचव्वेचाळीस, त्यात पाच मिळवले की साडेएकोणपन्नास. दोन्ही वाटांनी उत्तर एकाच ठिकाणी पोचतं. मॅच बघता बघता मनातल्या मनात करता येतं, मी तर मेट्रोत उभ्या उभ्या करते.

हे खरं ठरतं का? २०२१चं अटलांटा बघा. ब्रेकला ४४-४५, मेट्सपेक्षा चार सामने मागे, आणि ब्रेकच्या तोंडावर, १० जुलैला, त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू रोनाल्ड अकुन्या ज्युनियर गुडघा फाटून वर्षभरासाठी बाहेर. विजयांच्या रकान्यावरून कोणीही त्यांना सोडून दिलं असतं. त्यांनी जुलैअखेरपर्यंत चार नवे आउटफिल्डर आणले, ६ ऑगस्टला त्या हंगामात पहिल्यांदा विजय पराभवांच्या पुढे गेले, ८८-७३ वर हंगाम संपवला आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली. पूर्ण हंगामात त्यांच्या धावा ७९० आणि दिलेल्या ६५६. वरचं सूत्र लावा, ९५च्या आसपास विजय निघतात. तो संघ पहिल्यापासून ८८ विजयांपेक्षा सरस होता.

उलटं उदाहरणही त्याच वर्षीचं आहे आणि ते लपवून हिशेब शिकवणं मला पटत नाही. सिॲटल मरिनर्सनी २०२१मध्ये ६९७ धावा केल्या, ७४८ दिल्या. सूत्राने ७५ विजय येतात. ते जिंकले ९०. कसे, ते कळायला एका धावेच्या फरकाने सुटलेले सामने मोजा: ३३ जिंकले, १९ हरले. असे सामने जिंकण्यात बुलपेनचा (सामन्यात मागाहून येणाऱ्या बदली पिचरांच्या तुकडीचा) वाटा असतो, नशिबाचाही असतो आणि पुढच्या महिन्यात तेच नशीब साथ देईल याची हमी कोणी देत नाही. म्हणून धावांच्या फरकाखाली एका धावेच्या सामन्यांचा हिशेब स्वतंत्र लिहा. सूत्र आणि प्रत्यक्ष यांत चार-पाच विजयांची तफावत दिसली की पहिली नजर तिथे टाका.

यानंतर पिचिंग, म्हणजे चेंडूफेक, आणि इथे नवख्या माणसाची हमखास चूक होते. माझीही झाली. पिचरच्या खात्यात ५.२ इनिंग लिहिलेलं असतं तेव्हा ते दशांश नसतं. टिंबापुढचा आकडा म्हणजे आउटची संख्या, आणि तीन आउटची एक इनिंग. ५.२ म्हणजे पाच पूर्ण इनिंग आणि दोन आउट, पाच आणि दोन तृतीयांश. मी पहिल्या वर्षी ५.२, ६.२ आणि ४.२ कॅल्क्युलेटरवर मिळवले, उत्तर १५.६. खरं उत्तर १७ आहे. सगळ्या पिचरांच्या बेरजा अशाच केलेल्या, त्यामुळे अख्खं पान पुसून पुन्हा करावं लागलं. आता आम्ही सगळं आउटमध्ये मांडतो: १७ अधिक २० अधिक १४, म्हणजे ५१ आउट, भागिले तीन. क्रिकेटमधल्या षटकांच्या टिंबासारखंच आहे, फक्त तिथे सहा, इथे तीन.

ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावा, काढताना पिचरच्या हिशेबी लागलेल्या धावांना ९ने गुणायचं आणि इनिंगने भागायचं. पाच आणि दोन तृतीयांश इनिंगमध्ये तीन धावा म्हणजे ४.७६. त्याच जागी ५.२ने भागलं तर ५.१९ येतं, आणि चांगल्या पिचरवर उगाच ठपका बसतो.

पण संघाचा एकत्र ईआरए लिहून थांबू नका. पानावर उभी रेघ मारा, डावीकडे स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर), उजवीकडे बुलपेन. २०१९च्या नॅशनल्सची सगळी गोष्ट या रेघेच्या दोन बाजूंना होती. डावीकडे मॅक्स शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग, पॅट्रिक कॉर्बिन. १८ जूनला सरावात बंट करताना चेंडू उडून शर्झरच्या तोंडावर बसला आणि नाक मोडलं. दुसऱ्या दिवशी फिलीजविरुद्ध तो उजव्या डोळ्याखाली काळानिळा चंद्र घेऊन मैदानात उतरला. त्याचा एक डोळा निळा आणि एक तपकिरी, त्यात ती सूज, टीव्हीवर जवळून बघवत नव्हतं. सात इनिंग, एकही धाव नाही, दहा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), संघ २-० जिंकला. मी सामना संपेपर्यंत सोफ्यावरून उठले नाही. आणि उजवीकडे बुलपेन: स्टार्टरने हातात आणून दिलेले सामने सातव्या-आठव्या इनिंगमध्ये सांडायचे. हंगाम संपला तेव्हा त्या बुलपेनचा ईआरए साडेपाचच्या वर होता, नॅशनल लीगमध्ये सर्वांत वाईट. सगळा आकडा एकत्र धरला असता तर दोन्ही बाजू झाकल्या गेल्या असत्या आणि “पिचिंग ठीकठाक” असं काहीतरी लिहून आम्ही मोकळ्या झालो असतो.

फलंदाजीसाठी मी कमी जागा ठेवते. पहिल्या सहा फलंदाजांचा ऑन-बेस रकाना (फलंदाज किती वेळा बेसवर पोचला त्याचा वाटा) उतरवला की बहुतेक काम होतं. बॅटिंग ॲव्हरेजमध्ये वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळालेला बेस) मोजले जात नाहीत, ऑन-बेसमध्ये जातात. हुआन सोटोचं २०१९चं ॲव्हरेज .२८२, चांगलं पण डोळे दिपवणारं नाही. त्याच हंगामात त्याने १०८ वॉक घेतले आणि ऑन-बेस होतं .४०१. दर दहा वेळांत चार वेळा वीस वर्षांचा हा पोरगा बेसवर पोचत होता. वाईट चेंडू सोडायचा त्याचा संयम ॲव्हरेजमध्ये शोधून सापडणार नाही.

दुखापतींची यादी आणि उरलेलं वेळापत्रक पानाच्या तळाशी दोन-दोन ओळींत बसतं. कोण कधी परतणार, आणि उरलेल्यांपैकी किती सामने घरच्या मैदानावर. बस्स.

एक इशारा देते. हे पान सप्टेंबरअखेरपर्यंतचं आहे, ऑक्टोबरच्या बाद फेरीचं नाही. २००१चे मरिनर्स ब्रेकला ६३-२४ होते, हंगामात ११६ सामने जिंकले आणि यांकीजकडून पाच सामन्यांत बाहेर पडले. सात सामन्यांच्या मालिकेचा अंदाज नव्वद सामन्यांच्या बेरजेतून काढायला जाऊ नका.

शेवटची ओळ आकड्यांची नाही. सगळं पान बघून संघाला एकच गोष्ट हवी असेल तर कोणती, ते एका वाक्यात लिहायचं. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, त्याआधी तुमचं वाक्य पानावर असलं पाहिजे. मागाहून लिहिलेल्याला अर्थ नाही. २०१९च्या पानावर लेकीच्या वळणदार मराठीत लिहिलंय: “शेवटच्या इनिंगला भरवशाचा माणूस.” खाली दोनदा रेघ.

३१ जुलैला नॅशनल्सनी तीन रिलीव्हर, म्हणजे बुलपेनमधले पिचर, घेतले, त्यांत टोरोंटोहून आलेला डॅनियल हडसन होता. ३० ऑक्टोबरच्या रात्री ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात ६-२ आघाडी असताना नवव्या इनिंगला तोच उभा होता. त्याने मायकेल ब्रँटलीला स्ट्राइकआउट केलं आणि हातातलं ग्लोव्ह भिरकावून दिलं. शाळेचा दिवस असूनही लेक जागी होती. तिने वही आणली, जुलैचं पान शोधलं आणि दोन रेघांच्या शेजारी पेन्सिलीने तारीख घातली.