तोंड येणं थांबलं ते असं

तोंड आलं की आमच्या कोल्हापुरात पहिला दोष तांबड्या रश्श्यावर जातो. तिखटानं आहे तो व्रण झोंबतो हे खरं, पण मूळ कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. माझ्या गालाला आतून सारखा त्याच जागी पांढुरका, लाल कडेचा व्रण उठायचा. राजारामपुरीतल्या दंतवैद्यांनी आरसा धरून दाखवलं: दाढेचा तुटका कोपरा नेमका तिथंच लागत होता. तो घासून गुळगुळीत केला. रक्त तपासलं तर बी-१२ पण कमी; डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. लोह किंवा फोलिक ॲसिड कमी असलं तरी असं होतं. आता मिसळ निवांत खातो.

साधा व्रण १-२ आठवड्यांत भरतो. ३ आठवड्यांवर राहिला, त्यातून तंबाखूची सवय असेल, तर मलम लावत बसू नका, लगेच दाखवा.