या चुका टाळा: ‘बाय’ की ‘अनटिल’, ‘डाउट’ की ‘सस्पेक्ट’

लोकांची इंग्रजी पत्रं, अर्ज आणि मेल तपासून देणं हे माझं काम. स्पेलिंग चुकलं तर मला फारसं काही वाटत नाही, त्याखाली संगणकच लाल रेघ मारतो. डोकं फिरतं ते वेगळ्याच वाक्यांनी. व्याकरणाला धरून असतात, सॉफ्टवेअर त्यांना हिरवी खूण देतं, आणि तरी लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं त्याहून भलतंच काही सांगतात. मूळ जवळजवळ नेहमी एकच: शब्दाचा मराठी अर्थ पाठ केलेला. ‘बाय’ म्हणजे पर्यंत, ‘अनटिल’ म्हणजे पर्यंत, ‘टिल’ म्हणजेही पर्यंत. मग कुठलाही टाकला तर काय बिघडलं?

‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे नक्की काय

‘सबमिट द फॉर्म टिल 10 मार्च.’ ही सूचना इतक्या वेळा समोर येते की आता मी ती वाचायच्या आधीच खोडते. लिहिणाऱ्याला सांगायचं असतं की 10 मार्च ही शेवटची तारीख. वाक्य सांगतं की 10 मार्चपर्यंत फॉर्म भरतच राहा. इथे ‘बाय’ हवा.

फरक कठीण नाही. एकदा होऊन संपणारं काम, जे त्या वेळेच्या आत केव्हाही झालं तरी चालतं, त्याला ‘बाय’. आधीपासून चालू असलेली आणि त्या वेळेला थांबणारी स्थिती, तिला ‘अनटिल’ किंवा ‘टिल’. आपल्याला हा फरक कळत नाही असं मुळीच नाही. मराठीत तो आपण क्रियापदावर टाकतो. ‘दुकान शुक्रवारपर्यंत बंद राहील’ आणि ‘दुकान शुक्रवारपर्यंत बंद होईल’ यांत कुणाचाही घोटाळा होत नाही. ‘पर्यंत’ दोन्हीकडे तेच, काम करतात ‘राहील’ आणि ‘होईल’. म्हणून माझी सवय अशी की वाक्य आधी मनात मराठीत म्हणायचं. ‘राहील’ आलं तर ‘अनटिल’, ‘होईल’ आलं तर ‘बाय’. इंग्रजीतूनच विचार करा असा उपदेश करणारे या सवयीला नाकं मुरडतील. मुरडू देत.

ही गल्लत किती महागात पडते ते एका सॉफ्टवेअर कंपनीत पाहिलं. दुरुस्तीसाठी त्यांना एक सर्व्हर काही दिवस बंद ठेवायचा होता आणि शनिवारी सकाळी पुन्हा चालू करायचा होता. टीममधल्या एका हुशार, पण भलत्याच घाईच्या मुलाने परदेशातल्या ग्राहकाला मेल पाठवला: ‘द सर्व्हर विल बी शट डाउन बाय फ्रायडे.’ त्याच्या मनात ‘शुक्रवारपर्यंत बंद राहील’ होतं. ग्राहकाने जे लिहिलं होतं तेच वाचलं: शुक्रवारच्या आत हा सर्व्हर बंद केला जाईल. पुन्हा चालू होण्याचा उल्लेखच नाही, म्हणजे सेवा कायमची गुंडाळली. त्यांच्या लोकांनी रात्रभर जागून सगळा डेटा दुसरीकडे हलवायला घेतला. त्या धांदलीत अर्ध्या फायली हलल्या, अर्ध्या राहिल्या. दुरुस्तीचं काम ज्या सर्व्हरवर व्हायचं होतं तो मोकळाच मिळेना.

मेल तपासायला माझ्याकडे आला तो हे सगळं झाल्यावर. त्या मुलाचा पहिला प्रश्न: ‘पण मॅडम, ग्रामर चेकरने तर काहीच दाखवलं नाही!’ दाखवणार कसं? वाक्य शुद्ध होतं. तुमच्या मनात काय होतं ते चेकरला कुठून कळणार?

असा मेल हातून सुटलाच असेल तर ‘अॅक्च्युअली वी मेन्ट’ने सुरू होणारा व्याकरणाचा खुलासा पाठवू नका. समोरच्याला तुमच्या शब्दयोगी अव्ययात रस नसतो. विषयाच्या ओळीतच ‘करेक्शन’ लिहा आणि दोन तारखा द्या: अमुक वारी इतक्या वाजता बंद, तमुक वारी इतक्या वाजता चालू. खरं तर मी पहिल्या मेललाही हेच सुचवते, कारण ‘अनटिल फ्रायडे’ बरोबर असलं तरी त्यात शुक्रवार धरला की नाही हे इंग्रजांनाही विचारावं लागतं. अमेरिकेत त्यासाठी ‘थ्रू फ्रायडे’ म्हणतात, म्हणजे शुक्रवार धरून. ब्रिटिश माणसाला तेही खटकू शकतं. वार, तारीख, वेळ लिहिली की वाद मिटला.

नकारार्थी वाक्यात तर दोन्ही शब्द बसतात आणि अर्थ बदलतो. ‘आय वोन्ट फिनिश अनटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडल्याशिवाय काम संपणार नाही, पण तेव्हा संपेल असा त्यात दिलासा आहे. ‘आय वोन्ट फिनिश बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार आला तरी काम झालेलं नसेल. पुढे कधी होईल ते देवाला ठाऊक. साहेबाला यातलं कुठलं कळवताय ते पाठवण्याआधी ठरवा.

जाता जाता: ‘टिल’ हे ‘अनटिल’चं छोटं रूप नव्हे. उलट ‘टिल’च जुना आहे. त्यामुळे त्याच्या आधी वरती स्वल्पविरामासारखी खूण लावायचं काही कारण नाही. ‘टिल’मध्ये दोन एल, ‘अनटिल’मध्ये एक.

याच घरातली आणखी एक जोडी, ‘इन’ आणि ‘विदिन’. ‘दोन दिवसांत फोन करतो’ या अर्थी ‘आय विल कॉल यू इन टू डेज’ लिहिलंत तर समोरचा दोन दिवसांनी येणाऱ्या फोनची वाट पाहणार. ‘दोन दिवसांच्या आत’ म्हणायचं असेल तर ‘विदिन’.

शंका आहे, पण कसली?

त्या सर्व्हरच्या गोष्टीला पुढचा अंक आहे. वैतागलेल्या ग्राहकाने हलवलेल्या फायलींची यादी पाठवली. यादीतल्या काही नोंदी टीमला समजेनात. त्यांनी नम्रपणे विचारलं: ‘वी हॅव अ डाउट अबाउट युअर लिस्ट.’ आधीच भडकलेल्या माणसाला हे असं ऐकू गेलं की तुमच्या यादीवर आमचा विश्वास नाही. त्यानंतरचा मेल थेट टीमच्या वरिष्ठांना गेला.

आपल्याकडे वर्गात हात वर करून ‘सर, एक शंका आहे’ म्हणणं हा सभ्यपणा आहे. तीच शंका ‘डाउट’ होऊन भारतीय इंग्रजीत स्थिरावली, आणि आपसात ती बिनधास्त चालते. मला तिच्यावर आक्षेप नाही. पण बाहेरच्या वाचकाला ‘डाउट’मध्ये अविश्वास ऐकू येतो. त्याला विचारायचं असेल तेव्हा ‘क्वेश्चन’ लिहा. क्वेश्चन उद्धट वाटतो ही आपली गैरसमजूत.

याहून वाईट प्रकार ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’चा, कारण तिथे अर्थ उलटाच होतो. ‘त्याने पैसे घेतले अशी मला शंका आहे’, म्हणजे बहुधा घेतले असावेत. याचं इंग्रजी ‘आय सस्पेक्ट दॅट ही टुक द मनी’. लोक लिहितात ‘आय डाउट दॅट ही टुक द मनी’, आणि त्याचा अर्थ होतो की त्याने घेतले असतील असं मला वाटत नाही. आरोप करायला निघालात आणि निर्दोषत्वाचा दाखला देऊन आलात. तक्रार अर्जात हे वाक्य पाहिलं की मी अर्जदाराला फोन करून विचारते, ‘तुमच्या मते त्याने घेतले का?’ उत्तराआधी पेन उचलत नाही.

पाच वर्षांपासून

‘आय अॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्या आहेत. आपण ‘2015पासून’ही म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, कालावधी असेल तर ‘फॉर’. दुसरी चूक काळाची. ‘मी इथे काम करतो आहे’ हे आपल्याला वर्तमानातलं वाटतं, इंग्रजीला मात्र मागून आजवर आलेली रेघ दाखवायची असते: ‘आय हॅव बीन वर्किंग’. फक्त ‘सिन्स’चं ‘फॉर’ करून समाधान मानणारे खूप भेटतात. अर्धी दुरुस्ती म्हणजे चूक शिल्लकच.

बाकीच्या भराभर

‘रिमेंबर मी टुमॉरो’ म्हणजे उद्या माझी आठवण काढ. आठवण करून द्यायची असेल तर ‘रिमाइंड’.

घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’ करतो. ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ बंद करा.

‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसं कुणी आलं नाही, ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे काही जण आले. कार्यक्रमाच्या अहवालात हा एकाक्षरी ‘अ’ विसरू नका, आयोजक दुखावतात.

पार्टी ‘फन’ होती. ‘फनी’ होती म्हणालात तर यजमान विचारेल, हसण्यासारखं काय झालं?

‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहास घडवणारं, ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाविषयीचं. माणूस चंद्रावर उतरला तो 20 जुलै 1969चा दिवस ‘हिस्टॉरिक’, त्या काळावरची कादंबरी ‘हिस्टॉरिकल’.

‘अफेक्ट’ बहुतेक वेळा क्रियापद, ‘इफेक्ट’ बहुतेक वेळा नाम. ‘बहुतेक’ असं म्हणते, कारण ‘इफेक्ट अ चेंज’ म्हणजे बदल घडवून आणणं, तिथे ‘इफेक्ट’च क्रियापद आहे. याच्यासाठी लोक कसली कसली यमकं पाठ करतात, आणि ऐन वेळी यमकच उलटं आठवतं.

पन्नास गोंधळात टाकणाऱ्या शब्दांच्या ज्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्यांच्याविषयी माझं मत चांगलं नाही. प्रत्येक शब्दापुढे एक मराठी अर्थ, म्हणजे जो रोग तोच डोस. त्याऐवजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा आणि अर्थाकडे न बघता आधी उदाहरणाची वाक्यं वाचा. या जातीचे कोश मुळात याच गरजेतून निघाले. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा कोश आधी 1942 साली टोकियोत छापला गेला. पुढे 1948 मध्ये तो ऑक्सफर्डने काढला. कोणता शब्द कशाच्या सोबतीने बसतो हे परक्या माणसाला सांगावं लागतं, हे त्यांना वर्गात कळलं होतं. दिवसाला एक जोडी घ्या, दोन्ही शब्दांची स्वतःच्या कामातली वाक्यं लिहा. ‘इतका वेळ कुणाला आहे’ असं म्हणणाऱ्यांकडे माफीचे मेल लिहायला मात्र वेळ असतो.

राहिलं ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’. मोजता येतं त्याला ‘फ्यूअर’, येत नाही त्याला ‘लेस’. औपचारिक लेखनात पाळावं, पण कुणी ‘लेस’ म्हटलं म्हणून त्याला अडवू नये. मोजता येणाऱ्या गोष्टींना इंग्रज शेकडो वर्षं ‘लेस’ म्हणत आले होते. 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने तिथे ‘फ्यूअर’ मला अधिक बरा वाटतो असं मत नोंदवलं आणि पुढच्यांनी त्या पसंतीचा कायदा केला. या कायद्यावरून दुसऱ्याला चारचौघांत टोकणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यातल्या काहींच्या अर्जांतलं ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ मीच खोडलेलं आहे.